दोन बोटं जादा कापड

मस्तगडातले आमचे शिंपीमामा प्रत्येक सदऱ्याच्या शिवणीत दोन बोटं जादा कापड सोडतात. "माणूस सुटतोच," म्हणतात. स्वतः मशीनवर बसल्या बसल्या धापा टाकतात. वजनासाठी डॉक्टरांनी त्यांना दोन ऑपरेशनं सांगितली होती, त्यातलं एक निवडायचं होतं. परवा त्यांनी अस्तरावर खडूनं दोन पोटं आखली.

"ह्याच्यात पोट कापून बारीक करतेत, कापलेलं फेकतेत. त्याच्यात फेकत काहीच न्हाईत, आतड्याचा रस्ता वळवतेत."

"मंग काय ठरलं?"

"कापायचं."

"मामा, कापलेलं परत जोडता येत न्हाई!"

"म्हणूनच. आत ठेवलेलं कापड माणूस उसवून घेतोच. तीस वर्षं हेच बघून राह्यलो."

खुंटीवर त्यांनी स्वतःसाठी शिवलेला नवा सदरा होता, आजच्या मापाच्या निम्मा. मी शिवण उलटून पाहिली. आत बोटभरही कापड सोडलेलं नव्हतं.