जांभळे देश

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बाकीचे कामं करतात. ही गोष्ट मात्र मी पाहुण्यांना सांगत नाही, कारण हिच्यात मी फार विनोदी आहे.

माझी धाकटी बहीण तेहेतीस वर्षांची असताना तिने स्वतःच एक मुलगा पसंत केला. लोणी काळभोरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, आमच्यासारखाच मराठी, ख्रिस्तीही, फक्त प्रोटेस्टंट. आम्ही कॅथलिक. शेजाऱ्यांच्या दृष्टीने आम्ही सगळे नाताळचा केक वाटणारेच, पण वडिलांच्या लेखी मधे समुद्र होता. पुण्यात मराठी बोलणारी कॅथलिक स्थळं मोजकी आणि त्यातली निम्मी आमचेच नातलग, हे ते सोयीने विसरत.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर त्याला जेवायला बोलावलं. वडील बोलेनात. बहीण त्याच्या ताटात भात वाढत होती आणि बघत होती वडिलांकडे. शांतता मला सोसत नाही, जुना आजार. सातवीतल्या माझ्या लेकीचा ॲटलस ओढून मी जगातल्या धर्मांचं पान उघडलं. कॅथलिक देश जांभळे. ब्राझील, मेक्सिको, फिलिपिन्स, पोलंड असं बोट फिरवत गेलो आणि म्हणालो, "एवढं जग जांभळं पडलंय, आणि हिला लोणी काळभोरच सापडलं?"

वडील हसले. ते हसले म्हणून सगळे हसले. बहीणही हसली असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ती हसली नव्हती.

यात पुणं कुठे, असं त्या मुलाने विचारलं. मी नारिंगी भारतावर बोट टेकवलं.

"म्हणजे यात तुम्हीपण नाही," एवढंच म्हणून त्याने भात संपवला, ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवलं आणि गेला.

वडिलांनी ते मनाला लावून घेतलं. लग्नाचा विषय तिथेच संपला. पुढे ते अंथरुणाला खिळले तेव्हा तीन वर्षं त्यांचं सगळं तिनेच केलं. मी मांजरी गावात फ्लॅट घेऊन वेगळा झालो होतो. रविवारी त्यांना हसवायला यायचो.

परवा माझ्या त्याच लेकीने मंडईजवळच्या एका हिंदू मुलाशी लग्न ठरवलं. मुलाचे आईवडील भेटायला आले ते वडिलांच्या घरी, म्हणजे आता बहिणीच्या. मी ऐकवलं की अहो, आम्ही असलं काही मानत नाही, माणूस चांगला असला की झालं. तेवढ्यात बहीण चहा घेऊन आली. कप ट्रेमध्ये नव्हते, ॲटलसवर होते.

मुलाच्या आईने तिला सहज विचारलं, "आणि आपले मिस्टर काय करतात?"

"दादाला विचारा," बहीण म्हणाली. "तो शोधतोय. ब्राझीलपर्यंत पोचलाय."

मुलाचे वडील खदखदून हसले. लेकीला काही कळलं नाही, म्हणून तीही हसली. मी चहात दोन चमचे साखर घालून बराच वेळ ढवळत बसलो. मला साखर बंद आहे.