न वाचलेले दोन सिपारे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दोन्ही मुलींना नाही. दुआ मागतानासुद्धा या गोष्टीपाशी आले की मी घाईनं पुढे सरकायची — जसं काही वरच्याला ते ठाऊकच नाही. आता एकसष्टावं वर्ष चालू आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं सोपं जातं.

आधी माझ्याबद्दल चांगलं ते सांगते. हसू नका, मला ते सांगायला आवडतं. आझादनगरच्या आमच्या गल्लीत तुम्ही कुणालाही विचारा, नसीम आपा कोण? कुणीही म्हणेल, अरे, त्या तर फार नमाजी आहेत. खरंच आहे ते. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हापासून, बायकांचे अडचणीचे दिवस सोडले तर, माझी नमाज चुकलेली नाही. तापात रोजे ठेवले. नमाजेआधी हातपाय धुवायचं, वुजूचं पाणी थंडीत किती गार असतं! तरी गरम करून घेतलं नाही. आणि माझा आवाज. मी मोठ्यानं पढायला लागले की शेजारची भांडी घासणारी बाई नळ बंद करायची. याचा मला अभिमान होता. आजही आहे.

पण मला कुराण वाचता येत नव्हतं.

हे सांगायला इतकी वर्षं लागली. अक्षरओळखच नव्हती मला. अलिफ उभा असतो आणि बे आडवा असतो, एवढंच.

आमचं गाव खानदेशात, चोपड्याकडचं. गावात मुसलमानाचं घर आमचं एकच. अब्बा मराठी शाळेत मास्तर. मदरसा नाही, मौलवी नाही. अब्बांनी मला दहा-बारा सूरा, म्हणजे कुराणातले अध्याय, तोंडी शिकवल्या. विसरू नयेत म्हणून एका वहीत मराठी अक्षरांत लिहून दिल्या. यासीनची लांब सूरासुद्धा मला अशीच पाठ झाली, ऐकून ऐकून. नमाजेला तेवढं पुरतं. आयुष्यालाही पुरलं असतं, मी गप्प राहिले असते तर.

लग्न ठरवताना कुणीतरी सांगून टाकलं, मुलगी कुराण पढलेली आहे. इंदूरला आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सासूबाईंनी विचारलं. आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणायचो. "दुल्हन, कुरआन मुकम्मल झालंय ना तुझं? पूर्ण पढलीस ना?"

मी हो म्हटलं.

एका शब्दाचं काम होतं. 'नाही, अम्मी, शिकायचंय' म्हटलं असतं, तर त्यांनीच शिकवलं असतं. त्या शिकवायच्या बायकांना. पण बाहेर तीन नणंदा बसल्या होत्या आणि मला पाठची यासीन म्हणता येत होती. मी म्हणून दाखवली. अम्मींचे डोळे भरून आले. झालं. त्या दिवसापासून मी घरातली पढी-लिखी सून.

मग काय, रोज सकाळी फजरच्या नमाजेनंतर मी रिहालवर, लाकडी घडवंचीवर, कुराण ठेवून बसायची. ओळींवरून बोट उजवीकडून डावीकडे. ओठ हलते. पानं अंदाजानं उलटायची. मनात तीच ती पाठ सूरा. कुणाच्या कधी लक्षात आलं नाही. येणार कसं? दुसऱ्याच्या इबादतीत कोण डोकावतं?

आता रेहानाचं सांगते. खरी गोष्ट तिची आहे.

रेहाना माझी धाकटी जाऊ, दिरांची बायको. मानपुरची. तिच्या वडलांचं हायवेवर ट्रकचे पंक्चर काढायचं दुकान होतं. शिक्षण पाचवीपर्यंत. बोलायला साधी, जरा घाबरट. पण तिच्या नानीनं तिला कुराण वाचायला शिकवलं होतं. अडखळत वाचायची, एका पानाला पाव तास लावायची, एकेक अक्षर जोडून — पण वाचायची. खरंखुरं. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं आणि मी तिच्यापासून लांब बसायला लागले.

अम्मी गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी घरी कुराणखानी होती. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. कुराणाचे तीस भाग असतात, एकेकाला सिपारा म्हणतात, प्रत्येकाची वेगळी पुस्तिका. बायका चादरीवर बसतात, एकेक सिपारा उचलतात. सगळ्यांचं वाचून झालं की एक कुराण पूर्ण होतं आणि त्याचं पुण्य, म्हणजे सवाब, गेलेल्या माणसाच्या रूहला पोहोचवायचं. म्हणजे प्रत्येकीनं आपला भाग वाचलाच पाहिजे. एकीनं नाही वाचला तर कुराण पुरं होत नाही.

माझ्या हाती बाविसावा आला. रेहानाच्या हाती नववा. आणि ती येऊन नेमकी माझ्याच शेजारी बसली. तिचे डोळे रडून सुजलेले होते. अम्मी तिला फार जपायच्या.

खोलीत पंचवीस-तीस बायका. मी नेहमीसारखं बोट फिरवत होते. अर्धा तास झाला असेल. रेहानानं आपला सिपारा माझ्यापुढे धरला, एका शब्दावर नख ठेवलं आणि हळूच म्हणाली, "भाभी, हे कसं पढायचं? मी अटकले इथं."

मी त्या शब्दाकडे बघितलं. काळ्या रेघा, वर-खाली ठिपके. बस. समोर नणंद मान वर करून बघत होती. पलीकडे गल्लीतल्या दोघी थांबल्या होत्या, नसीम आपा काय सांगते ते ऐकायला. किती वेळ गेला? दोन श्वासांचा. मला तो फार मोठा वाटला.

मग मी जे केलं ते केलं. मी आवाज चढवला. म्हणाले, "एवढं पण येत नाही तुला? मग हातात घेतलाच कशाला? एक हर्फ, एक अक्षर गलत पढलं तर मायने बदलतात, रेहाना. अम्मींच्या रूहला हे पोहोचवणार तू? उलट गुनाह होईल."

आणि सिपारा तिच्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "आण इकडे. तुझा पण मीच पढते."

रेहानानं ओढणी पुढे ओढली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. कुणीतरी माझ्याकडे बघून मान डोलवली — बरोबर आहे, अल्लाचा कलाम आहे, खेळ थोडाच आहे. मला कौतुक मिळालं, समजतंय का तुम्हाला? त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं आणि वर थोडी ऐटही वाटली.

तासाभरानं मी दोन्ही सिपारे वाचून झालेल्या ढिगावर ठेवले. बाविसावा आणि नववा. एकही अक्षर न वाचता. मौलानांनी बाहेर दुआ मागितली, कुराण मुकम्मल झालं म्हणाले, सगळ्यांनी आमीन म्हटलं. मीही म्हटलं.

त्यानंतर रेहानानं कुराण उघडलं नाही. मी बघत होते ना. खालच्या मजल्यावर ती राहते, वर आम्ही. सकाळी पूर्वी तिचा अडखळता आवाज जिन्यातून यायचा. तो बंद झाला. मी तिला कधी बोलावलं नाही. खरं सांगू? मला ती शांतता सोयीची होती.

अशी दहा वर्षं गेली. मग माझी आई गेली.

मी गावी गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बायका मागच्या अंगणात होत्या. मी अब्बांच्या छोट्या खोलीत आईसाठी पढायला म्हणून बसले. दार लोटलेलं. समोर कुराण. थोड्या वेळानं माझं लक्ष माझ्याच हाताकडे गेलं. बोट ओळीवरून फिरत होतं. उजवीकडून डावीकडे, संपली ओळ, खालची ओळ. कुणासाठी? खोलीत कुणी नव्हतं. बघणारं कुणीच नव्हतं, तरी मी नाटक करत होते. माझ्या आईसाठी, तिच्या जाण्याच्या तिसऱ्या दिवशी, मी नाटक करत होते.

मी बोट उचललं. पुढे काय करायचं तेच कळेना. मग पुस्तक बंद केलं आणि तशीच बसून राहिले.

इंदूरला परतल्यावर मी महूला शिकायला जायला लागले. आमच्या गल्लीपासून इतकं लांब, महूच का? तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. एक रिटायर झालेल्या शाळेच्या मास्तरणी होत्या, मरियम आपा. घरीच बायकांना अरबी शिकवायच्या, सकाळी अकरा वाजता. घरी मी सांगितलं, गुडघ्यांना शेक घ्यायला जाते. हे बिचारे दर मंगळवारी आणि शुक्रवारी विचारायचे, "गुडघ्यांना काही आराम?" मोठ्या मुलीनं तर दोन तेलाच्या बाटल्या आणून दिल्या.

मरियम आपांनी पहिल्या दिवशी विचारलं, "पहले कुछ पढ़ा है आपने?"

मी म्हटलं, "नाही. काहीच नाही."

इंदूरात आल्यापासून या प्रश्नाला मी दिलेलं हे पहिलं खरं उत्तर. आपांना त्याचं काय वाटणार, त्यांनी फक्त लहान मुलांची अक्षरांची पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. माझ्या शेजारी सिमरोलची एक विशीतली मुलगी होती, ती माझ्या पुढे होती. मी तिच्याकडून शिकले. ऐन हे अक्षर घशातून येईना. आपा म्हणायच्या, "गले से, नसीमजी, नाक से नहीं." मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून ऐन म्हणत बसायची. शेजारच्या बाईनं एकदा पाणी पुढे केलं, तिला वाटलं मला उमळतंय.

पाठ झालेल्या सूरांनी सगळ्यात छळलं. डोळे अक्षरावर येण्याआधीच जीभ पुढे पळायची. आपांनी ओळखलं. त्या पानावर कागद झाकून एकेक अक्षर उघडायच्या. किती वेळा मी त्या खोलीत लाजले, आणि किती वेळा परत गेले!

साडेतीन वर्षं. मी एकही खाडा केला नाही. वाचायला लागल्यावर सगळ्यात आधी मी ते दोन सिपारे वाचले — बाविसावा आणि मग नववा. अम्मींच्या नावानं. नवव्यात तो शब्द कुठे होता, मला आठवेना. प्रत्येक अवघड शब्दावर वाटायचं, हाच असेल. त्यानं काही भरून निघालं का? ते मला सांगता येणार नाही.

मग पहिल्यापासून सुरुवात केली आणि एका गुरुवारी, दुपारी, माझं कुराण संपलं. अलिफपासून शेवटच्या शब्दापर्यंत, मी वाचलेलं. पंचावन्न वर्षांची बाई होते मी. मला काय वाटलं ते कसं सांगू? मुली झाल्या तेव्हाही इतकी फुशारले नव्हते. गल्लीत जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं. पण कुणाला सांगणार? सगळ्यांच्या लेखी ते माझं लग्नाआधीच झालं होतं.

त्या संध्याकाळी मी दुधातल्या शेवया केल्या. यांनी विचारलं, "आज काय खास?"

म्हटलं, "काही नाही. मन झालं."

आज तुम्हाला हे सांगतेय ते पश्चात्तापानं असं समजू नका. ते खरं ठरणार नाही. आयुष्यात मोठं असं मी हे एकच काम केलं, आणि ते सांगायचं तर आधीचं सांगावंच लागतं. म्हणून सांगतेय.

मागच्या रमजानमध्ये एका दुपारी मी खाली रेहानाकडे गेले. म्हणजे शिकून झाल्यावरही मी पाच वर्षं गेले नव्हते, हे पण मांडून ठेवते. ती तस्बीहचे मणी फिरवत खाटेवर बसली होती. म्हटलं, "रेहाना, चल, सोबत पढू. रोज थोडं थोडं."

तिनं लगेच हात मागे घेतले. "नको भाभी. माझं चुकतं."

"चुकू दे. मी आहे ना."

तिनं तस्बीह उशीशी ठेवली. मग म्हणाली, "भाभी, अम्मींच्या वेळी तुम्ही मला गुनाहातून वाचवलं. सगळ्यांसमोर बोललात तेव्हा बुरा लागलं होतं. पण नंतर सोचलं, तुम्ही तर माझ्या वाट्याचं पण पढलात. कोण करतं असं? तेव्हापासून पाचही वक्त तुमच्यासाठी दुआ मागते मी. पहिली तुमच्यासाठी, मग मुलांसाठी."

ती हे अगदी सरळ बोलली. माझ्याकडे बघून.

तेव्हाच सांगायचं होतं. घरात आम्ही दोघीच होतो. पंखा चालू होता, दार बंद होतं, रोजा होता मला. तोंडात पाणीसुद्धा नव्हतं — खोटं बोलायला याहून वाईट वेळ असते का? आणि मी खोटं बोललेही नाही. मी फक्त म्हटलं, "वुजू करून ये."

ती आली. पहिल्या पानाला पाव तास लागला. आठवड्यानं दहा मिनिटं. मी तिला काही शिकवलं नाही, तिला सगळं येत होतं. नानीनं शिकवलेलं आत तसंच होतं, फक्त कुणीतरी झाकून ठेवलेलं. ऐन तर तिचा माझ्यापेक्षा चांगला येतो.

परवा तिचा तिसावा सिपारा झाला. तिनं गल्लीतल्या बायकांना बोलावलं, स्वतःच्या हातानं खीर केली. सगळ्यांसमोर माझा हात हातात घेऊन म्हणाली, "हे सगळं भाभींमुळे. यांनी नसतं बसवलं तर मी अशीच मेले असते."

बायका माझ्याकडे बघत होत्या, माझ्या मुलीपण. अठरा वर्षं ती बाई रोज सकाळी वाचू शकली असती. ती अठरा वर्षं माझ्याकडे आहेत.

मी तिचा हात सोडवून घेतला नाही. आणि मला बरं वाटलं.