देवळाच्या दारातले तीन डोंगे

माझ्या मोठ्या काकीवर अन्याय झाला. मागच्या वर्षी, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास. आमच्या धरणात डोंगा उलटून ती बुडाली. प्रेत सापडलं नाही, म्हणून सरकारी कागदात ती अजून जिवंत आहे.

मी त्याच डोंग्यात होतो. आमचा जुना तांडा या पाण्याखाली गेला, देवीचं देऊळही. पलीकडच्या बाजाराला जाताना देवळावर डोंगा थांबवायचा, सगळ्यांनी दाराच्या अंगाला वाकून बोटं पाण्यात बुडवायची, कपाळाला लावायची, ही आमची रीत. त्या दिवशी माझ्या बोटांना पाण्याखाली दगड लागला. आजवर कधी लागला नव्हता.

काकीलाही लागला. "देऊळ वर येऊन राह्यलं काय रे?"

"देऊळ कायले येते, काकी? पाणी खाली चाल्लं," नावाडी हसला. "तू वाक बरं, नाहीतर देवी म्हणन, म्हातारी गर्वात आली."

काकी वाकली. आम्ही सगळेच एका अंगाला वाकलो. डोंग्याच्या तळाला देवळाचा कळस टेकला आणि डोंगा कलंडला. बाकीचे पोहून निघालो. पाणी लगेच शांत झालं, आत कोणी नसल्यासारखं.

कचेरीतला बाबू म्हणाला, "इथं डोंग्याले परवानाच नाही. म्हणजे डोंगा नाही. मंग बुडला कोणता?" वा रे न्याय! आणि धरणाच्या वेळी कबूल केलेला पूल कुठे आहे?

म्हातारे सांगतात, याआधीही दोन डोंगे तिथंच गेले. नोंद एकाचीही नाही.

यंदा पाणी फार आटलं. भर दुपारी मी गाळ तुडवत देवळाशी गेलो. वेगवेगळ्या वर्षी बुडालेले तिन्ही डोंगे दारासमोर एका ओळीत उभे होते, तोंडं आत करून. कोणी लावले? दोन डोंग्यांत काठोकाठ सुकलेला गाळ. तिसऱ्यात काकी बसायची ती फळी तेवढी स्वच्छ. आणि ओली.

मी मागे वळून न बघता आलो.

आता तलाठी म्हणतो, पंचनाम्याला पंच आणा, तांड्यातले नकोत, ते नातेवाईक. तुम्ही तर आमचे कोणी नाही ना? मग वणीहून या, पांढरकवड्याहून या. पाणी चढायच्या आत तिन्ही डोंगे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि सही करा.