खटपट्यांचं रुसलेलं यंत्र

आमच्या साडूंना सगळे खटपटे म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हतं, कमाई होती. बंद पडलेली कुठलीही वस्तू दिसली की यांचा हात आपोआप खिशातल्या पान्याकडे जायचा. माझा रेडिओ त्यांनी एकदा दुरुस्त केला, तो असा की त्यावर हात ठेवून उभं राहिलं तरच बोलायचा. आमच्या सासूबाई सगळ्या बातम्या त्याच्या डोक्यावर हात ठेवून ऐकायच्या, आशीर्वाद दिल्यासारख्या. साडूंना सांगितलं तर म्हणाले, "बोलतोय ना? मग तक्रार कसली?"

तर अशा या माणसाला कारखान्यातून निवृत्त झाल्यावर राखायला एक मैदान मिळालं. मिळालं म्हणजे त्यांनी ते घडवलंच. आधी तिथे दगड आणि काटेरी झुडपं. साडूंनी माती टाकून घेतली, ती सपाट केली, गवत लावलं, आणि कुठून तरी पेट्रोलवर चालणारं एक जुनं गवत कापायचं यंत्र पैदा केलं. दोरी ओढायची, ते फुरफुरायचं, मग दांडा धरून मागे मागे चालायचं. घरात काही विचारलं तर नुसतं "हूं" म्हणणारा हा माणूस मैदानात गवताशी गप्पा मारायचा. मी स्वतः ऐकल्यात. "काय रे, परवाच कापलं ना तुला?"

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची ताई. हातात दम असलेली बाई. तिच्या घरातली बरणी पाहुण्याला कधी उघडता आली नाही. मुंगी शिरू नये, वास बाहेर येऊ नये म्हणून प्रत्येक झाकणाच्या आत जाड प्लास्टिकची चकती कापून बसवायची, आणि मग अशी पिळायची की साखर पाहिजे असेल तर साडूंना पक्कड घ्यावी लागे. मी एकदा म्हटलं, "ताई, तुमच्या घरात चोर आला तर उपाशी मरेल." ती म्हणाली, "म्हणून तर येत नाही."

त्या वर्षी मोठं वारं सुटलं आणि मैदानावरच्या खोलीचे पत्रे उडाले. यंत्र ठेवायचं कुठे? साडूंनी ते घरी आणलं, स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात. ताईने नाकाला पदर लावला. "घर आहे की पेट्रोल पंप? माझ्या पिठाला वास लागेल." साडू म्हणाले, "हूं."

आणि त्याच आठवड्यापासून यंत्र बिघडलं.

बिघडलं म्हणजे कसं, हेच कुणाला कळेना. अगदीच बंद असतं तर बरं होतं. घरून नेताना टाकी भरावी, मैदानात दोरी ओढावी, झकास सुरू. एक पट्टा कापावा, दुसरा निम्मा, की खोकल्यासारखं करून गप्प. मग ओढा दोरी. साडूंनी ओढली, मी ओढली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ओढली. खांदे निखळायची वेळ आली, पण ते ढिम्म. पेट्रोल संपलं म्हणावं तर टाकी सकाळीच काठोकाठ भरलेली.

घरी आणून साडूंनी पेट्रोल काढून ठेवलं, यंत्र आडवं केलं, प्लग घासला, परत पेट्रोल ओतलं. एका झटक्यात सुरू! "प्लगच होता," साडू म्हणाले. दुसऱ्या दिवशी मैदानात पुन्हा तेच. परत घरी आणलं, परत पेट्रोल काढलं, कार्बोरेटर खोलून फुंकला, पेट्रोल भरलं. सुरू! "कार्बोरेटर होता." मैदानात गप्प.

शेजारचे शिंपी म्हणाले, "माझ्या शिलाई मशीनमध्ये दोरा अडकला की असंच होतं." त्यांना दोऱ्याशिवाय दुसरं सुचत नसे, पण आम्ही पात्यात दोराही शोधला. मी म्हटलं, "साडूबुवा, त्याला विश्रांती द्या. दमत असेल." दिली. विश्रांतीनंतरही सुरू झालं, आणि पुन्हा बंद पडलं. म्हणजे कुठलाही उपाय करा, लागू पडायचा, आणि कुठलाच टिकायचा नाही. असा रोगी कोणत्या डॉक्टरच्या वाट्याला येऊ नये.

शेवटी स्कूटरच्या मिस्त्रीकडे नेलं. त्याने आधी टाकीचं झाकण काढून आत डोकावून पाहिलं, झाकण बाकावर ठेवलं, दोरी ओढली. यंत्र सुरू झालं ते थांबेना. मिस्त्रीने आपला चहा पिऊन संपवला, तरी चालूच.

"याला काही झालेलं नाही, काका," तो झाकण लावत म्हणाला.

"मग मैदानात का बंद पडतं?"

"मैदानाला विचारा."

इकडे मैदानावर गवत घोट्यापर्यंत आलं. रविवारी सकाळी तिथे सामना होता. शुक्रवारी मैदानाचा व्यवस्थापक घरी आला, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "काका, मी उद्या संध्याकाळी येऊन बघतो. गवत कापलेलं असलं तर मैदान तुमचं. नसलं तर ठेकेदाराचं मोठं यंत्र रात्रीतून लावतो, आणि मग पुढेही तोच बघेल. तुम्ही आता आराम करा ना."

आराम हा शब्द ऐकून माणसाचा चेहरा इतका उतरलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी साडू जेवले नाहीत. ताईनेही त्यांना आग्रह केला नाही, नुसती ताटाकडे बघत बसली.

शनिवारी सकाळी टाकी भरून दोघं मैदानात गेलो. एक पट्टा कापला, दुसरा निम्मा, आणि गप्प. न्हाव्याने डोकं अर्धं भादरून पळ काढावा तसं मैदान दिसत होतं. साडू त्या पट्ट्याच्या टोकाला उभे राहिले. गवताशी एक शब्द बोलले नाहीत. यंत्र ढकलत आम्ही घरी आलो.

मागच्या अंगणात ताई तेलाचा नवा डबा उघडत होती. खिळा धरून तिने हातोडी मारली, डबा तिरका केला. तेल ग्लक ग्लक करत आलं, मग धार बारीक झाली, थांबली. तिने डबा सरळ करून पलीकडच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं. आता सरळ धार लागली.

काही तरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "एक भोक पुरत नाही वाटतं?"

"कसं पुरेल? वारा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल, भावजी? एवढंही कळत नाही का तुम्हा—"

आणि ताई थांबली. धार चालूच होती, भांडं भरून वाहायला लागलं, तरी तिचं लक्ष नाही. ती यंत्राकडे बघत होती. तिने डबा खाली ठेवला, हात पदराला पुसले.

"अहो, ते झाकण इकडे द्या."

"कुठलं?"

"त्याच्या टाकीचं."

साडूंनी झाकण पिळून काढलं. फुस्स करून आवाज आला. ताईने बोट घालून आतली चकती उचकटली. जाड प्लास्टिकची, इतकी गोल कापलेली की आम्ही सगळे ती कंपनीचीच समजलो होतो. खाली झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक होतं. वारा आत जायला ठेवलेलं.

"वास येत होता म्हणून," ताई म्हणाली. एवढंच. आवाज इतका लहान की माझी थोरली मेहुणी ती हीच का, असं वाटलं.

साडू चकतीकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, आता होणार भांडण. पण ते म्हणाले, "कापलीय छान." आणि झाकण लावून यंत्र ढकलत निघाले.

त्या दुपारी ते एकदाही थांबलं नाही. साडूही नाहीत. ताई मैदानाच्या कडेला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि कापलेलं गवत पायाने बाजूला सारत होती.

संध्याकाळी व्यवस्थापक आला. मैदान सारवलेल्या जमिनीसारखं दिसत होतं. तो खाली वाकला, गवतावरून हात फिरवला.

"वा! काय बिघडलं होतं हो, काका?"

साडूंनी ताईकडे पाहिलं नाही. "कळलं नाही," म्हणाले.

"कळलं नाही तर चालू कसं झालं?"

"तेच तर कळलं नाही."

तो माझ्याकडे वळला. मी आभाळाकडे बघत होतो. डोकं खाजवत तो गेला, आणि जाता जाता म्हणाला, "पुढच्या आठवड्यात पत्रे बसवून देतो खोलीचे."

रात्री जेवायला मी तिथेच थांबलो. घरभर पेट्रोलचा वास होता, ताई काही बोलली नाही. साडूंनी मिठाची बरणी पुढे ओढली, सवयीने दात आवळून दोन्ही हातांनी पिळली. झाकण एकदम निघून हातात आलं, निम्मं मीठ ताटात सांडलं.

ताई खाली मान घालून वाढत होती. साडूंनी बरणी उचलली, खालून पाहिली, वरून पाहिली, दिव्याजवळ नेली, आणि मला हळूच विचारलं, "हिचं काय बिघडलं हो?"