त्याच्या वतीनं ‘एक’

माझा धाकटा भाऊ सुईनं नशा करायचा. त्या सुईतूनच त्याला एचआयव्ही झाला आणि दवाखान्यातून फुकटच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी आठला दवाखान्याचा एसएमएस यायचा: गोळी घेतली का? घेतली असेल तर ‘एक’ पाठवायचा, नसेल तर ‘दोन’.

मोबाईल त्याच्या हाती राहता तर चार दिवसांत विकला गेला असता, म्हणून तो मी माझ्या पर्समध्ये ठेवला. मी तांबरमच्या कॉलेजात शिकवायची. मुलांना जरबेत ठेवायची सवय घरीही सुटत नसे. वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटमधून निघताना मी त्याच्या उशाशी गोळी आणि कॉफीचा टंबलर ठेवायची, आणि स्टेशनात गाडीची वाट बघता बघता ‘एक’ पाठवून मोकळी व्हायची.

यात काही चुकतंय असं कधी मनातही आलं नाही. आमच्या तंजावरकडच्या घरांत आजारी माणसाचा नवस दुसऱ्यानं फेडायची रीत आहे. लहानपणी याला टायफॉइड झाला तेव्हा आईनं याच्या वतीनं देवळाभोवती लोटांगणं घातली होती, आणि हा बरा झाला होता.

सहा महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. डॉक्टरबाई आम्हा दोघांसमोर उत्तरांचा कागद घेऊन बसल्या. “एकही दिवस चुकलेला नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे ही औषधं तुम्हाला लागू पडत नाहीत. दुसरी आमच्याकडे नाहीत.”

“उत्तरं मी पाठवत होते,” मी म्हणाले.

भाऊ खाली बघत म्हणाला की बऱ्याचशा गोळ्या गादीखाली आहेत. बाई म्हणाल्या, हीच औषधं कदाचित अजून चालतील, पण आता एकही चुकता कामा नये.

बाहेर येताच मी त्याच्यावर बरसले. “मरायचं होतं तुला? तोंडात जीभ नव्हती?”

“अक्का,” तो शांतपणे म्हणाला, “ते रोज मलाच पुसत होते. तू मला एकवार तरी पुसलीस का?”

संध्याकाळी मी मोबाईल त्याला दिला. आई म्हणाली, विकून टाकील. मलाही तीच भीती होती, पण आता टोकायचं नाही असं ठरवलं होतं. तीन दिवस मी त्याच्या खोलीकडे फिरकले नाही, गोळीचा विषय काढला नाही.

चौथ्या दिवशी तो मोबाईल घेऊन निघून गेला. गोळ्यांचा डबा तेवढा कपाटात राहिला.

आठवडाभर शोधलं, सापडला नाही. शेवटी दवाखान्यात जाऊन मी त्याची उत्तरं बघायला मागितली. मोबाईल त्याला दिल्यापासूनची तीनच होती. एक. दोन. एक.

मधल्या दिवशी रविवार होता. मी दिवसभर घरीच होते. विचारलं असतं, तर त्यानं खरं सांगितलं असतं.