मशीन बंद हाय

आमच्या परदेशी कॉम्प्युटर कंपनीच्या सोलापूर ऑफिसला कुंभारी गावचा एक वॉचमन आहे. साहेब असो की पाहुणा, दारातल्या मशीनला कार्ड लावल्याशिवाय तो कुणालाच सोडत नाही. कार्ड विसरले म्हणून मलाही एकदा त्यानं घरी पिटाळलं होतं. “कार्ड लावा की, मॅडम,” यापलीकडे बोलणं नाही.

गेल्या आठवड्यात बंगळूरच्या ऑफिसातली माणसं कामावरून काढली. त्यांना ते दारातच कळलं, कार्डच चालेना. आज आमची पाळी होती.

सकाळी त्यानं दार उघडं ठेवून त्याला खुर्ची लावली होती. “मशीन बंद हाय. जावा आत.”

दुपारी गाडीतला डबा घेऊन परतले, तर मशीनचा दिवा चालू. मी कार्ड काढलं.

त्यानं मशीनवर तळहात ठेवला. “जेवून घ्या की आदी.”