महादू रिगरची जोडहोडी

धनंजयने त्या तारा कापल्या, त्या अगदी नियमाला धरून कापल्या.

रास अल खैमातल्या त्या टाइल्सच्या कारखान्यात नियमच होता. भंगारात जाणारी तार एक मीटरपेक्षा लांब असता कामा नये. लांब तार दिसली की गेटवरचा पठाण गाडी अडवायचा. लांब तार म्हणजे वापरातली तार, आणि वापरातली तार म्हणजे चोरी. धनंजयला स्टोअरमध्ये लागून पाचच महिने झाले होते. सांगोल्याच्या शाळेत त्याला नीटनेटकेपणाचं बक्षीस मिळालेलं, आणि तेव्हापासून कुठे काही लोंबकळताना दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. मागच्या यार्डात ताडपत्रीखाली एक सांगाडा पडला होता, त्याला तीन तारा गुंडाळलेल्या होत्या. त्याने कटर आणला, पट्टी धरून एकसारखे तुकडे केले, सुतळीने मोळी बांधली आणि भंगाराच्या गाडीत टाकली. पठाणाने मोळी पाहून "शाब्बास" म्हटलं. धनंजय दिवसभर त्या शाब्बासकीवर खूश होता.

संध्याकाळी महादू रिगर स्टोअरच्या खिडकीशी आला.

"माझ्यो तारा खंय गेल्यो रे?"

"कुठल्या तारा, काका?"

"होडयेच्यो. तीन होत्यो."

"आपल्याकडे होडी कुठेय?" धनंजयने मनापासून विचारलं. सांगोल्याच्या माणसाने होडी पाहिलेली असते ती भूगोलाच्या पुस्तकात, आणि तीही काळ्यापांढऱ्या चित्रात.

 महादू खिडकीची चौकट धरून नुसता उभा राहिला. तो मूळचा वेंगुर्ल्याकडचा. वीस वर्षं आखातात काढल्यामुळे एरवी कॅम्पातली हिंदीमिश्रित मराठी बोलायचा. मालवणी निघायची ती फार राग आला तर किंवा फार आनंद झाला तर. आता ती रागाने निघाली होती, एवढं धनंजयलाही कळलं.

क्रेनने पाच टनांचं मशीन उचलायचं असलं की तार कुठे बांधायची, किती बांधायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे रिगर. महादूने बांधलेलं ओझं वीस वर्षांत एकदाही कललं नव्हतं. पण कॅम्पात त्याची ख्याती वेगळीच होती. त्याच्या बापाचा शिडाचा मचवा होता आणि वारा पाठीशी घेऊन तो गोव्याला मीठ न्यायचा, ही गोष्ट महादू दर शुक्रवारी जेवणानंतर सांगायचा, आणि ऐकणारे दर शुक्रवारी एकमेकांना कोपर मारायचे. "काका, मचव्यावर तुम्ही काय करायचात?" असं कुणी विचारलं की तो खरं ते सांगायचा, म्हणून जास्त हसू व्हायचं. तो पाणी उपसायचा. सुकाणू मागितलं की बाप म्हणे, "हात बसलो नाय अजून." महादू पंधरा वर्षांचा झाला तोवर मचव्याला इंजिन लागलं, शीड कुडाच्या भिंतीला आडोसा म्हणून गेलं, आणि हात बसायचा राहूनच गेला.

ताडपत्रीखालचा तो सांगाडा म्हणजे दोन लांब, अरुंद होड्या, मध्ये दोन आडव्या नळ्यांनी जोडलेल्या. कुणा गोऱ्या इंजिनियरने दहा वर्षांपूर्वी मागे टाकलेल्या. नाव नाही, नंबर नाही, बनावटीची पट्टी कुणीतरी खरवडून काढलेली. शेजारी आडवी डोलकाठी आणि उसवलेलं शीड. मेंटेनन्सचे मॅनेजर सुजीतसाहेब, पुण्याचे, हौशी माणूस. त्यांनी फोटो काढून दुबईच्या क्लबांना पाठवले, तर तीन क्लबांनी तीन वेगवेगळी नावं कळवली. महादूने मात्र पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा तो हसला होता म्हणे. आपल्याकडे होडी कलंडू नये म्हणून बाजूला लाकडाची उलांडी बांधतात. इथे उलांडीच फुगून दुसरी होडी झाली होती.

सुजीतसाहेबांनी त्याला होडी दुरुस्त करायची परवानगी दिली होती, पण मुदत घालून. "महादू, यार्ड तीस नोव्हेंबरला हँडओव्हर आहे. त्याआधी पाण्यात चालली तर स्टाफ क्लबसाठी ठेवू, मी लिहून देतो. नाही चालली तर खलास, कटरखाली जाईल." आणि दोन डिसेंबरला महादूचं स्वतःचंच तिकीट होतं. व्हिसा संपत होता, वय अठ्ठावन्न, परत यायचा प्रश्न नव्हता.

डोलकाठीला तीन तारा तोलून धरतात: दोन बाजूंना, एक पुढून. कुठल्या बनावटीची होडी ते ठाऊक असतं तर पुस्तकात माप मिळालं असतं. ते ठाऊक नव्हतं. माप होतं ते फक्त त्या तीन तारांमध्ये, आणि त्या तारा सुबक तुकड्यांच्या मोळीत बांधून धनंजयने शारजाच्या भट्टीकडे रवाना केल्या होत्या.

"मी काय करू, काका?" त्याने रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"शुक्रवारी वीस फुटी घोडाशिडी घेऊन ये. आणि कायपण कापू नको."

शुक्रवारी महादूने होडीच्या कडेच्या लोखंडी पट्ट्या डिझेलने धुतल्या. तारा ज्या छिद्रांत अडकवलेल्या असत त्याच ह्या पट्ट्या. "बोट घाल," तो म्हणाला.

धनंजयने घातलं. छिद्र गोल नव्हतं, एका अंगाने लांबट झिजलं होतं.

"कुठल्या बाजूनं घासलंय?"

"वर... आणि जरा मागे."

"तार जिकडं ओढते तिकडंच घासणार. तार गेली, पण तिची वाट हितं ऱ्हायली."

त्याने प्रत्येक पट्टीवर झिजेच्या दिशेने वेल्डिंगची एकेक सरळ काडी बांधली. प्रत्येक छिद्रातून दोरी ओवली आणि तिन्ही दोऱ्यांची टोकं धनंजयच्या हातात दिली. "चढ. मी सांगीन तसा हात हलव. दोरी काडीवर झोपली पाहिजे."

वीस फुटांवर, भर दुपारच्या उन्हात, धनंजय तीन दोऱ्या ताणून उभा राहिला. खाली महादू एका पट्टीवरून दुसरीवर रांगत होता. "डावी खाली. नाय, बोटभर. पुढची ताण. आता मागं ये. आणखी. थांब!"

धनंजय थांबला आणि त्याने हातांकडे पाहिलं. तिन्ही दोऱ्या हवेत एका जागी आल्या होत्या. जवळजवळ नव्हे, एकाच जागी. मध्ये तांदळाचा दाणा मावला नसता. तिथे काहीच नव्हतं, नुसतं आकाश. पण दहा वर्षांपूर्वी तिथे डोलकाठीचा कान, म्हणजे तारा अडकवायची कडी होती, आणि ह्या म्हाताऱ्याने ती जागा झिजलेल्या लोखंडातून परत काढली होती.  धनंजयला कंपास आणि भूमितीचे जोशी सर आठवले. सरांनी हे पाहिलं असतं तर खडू खाली ठेवला असता.

"तिथंच गाठ मार!" खालून आवाज आला. "झाली मापं!"

मग काठीचं बूड ज्यात टेकतं ती वाटी दाखवून महादूने खात्री करून दिली. तीही मागच्याच कडेला झिजली होती. काठी हातभर मागे झुकत असे, दोऱ्याही तेच सांगत होत्या.

तार आणली जुन्या बंदरातल्या हारुनकडून. हारुन बाणकोटचा, मासेमारीच्या सामानाचं दुकान चालवायचा. दोऱ्यांची गाठ पाहून त्याने विचारलं, "ड्रॉइंग कुठाय?"

"हेच ड्रॉइंग," धनंजय म्हणाला. त्याच्या आवाजात असा रुबाब होता की जणू गाठ त्यालाच सुचली होती. महादूने मान फिरवून हसू दाबलं.

पुढचे दोन आठवडे ड्यूटी सुटली की यार्ड. टोकाला धार लावलेल्या स्क्रूड्रायव्हरने तारेच्या पेडांत पेड घालून महादूने सहा फासे विणले. त्याच्या बोटांतून रक्त यायचं, ते तो पँटला पुसायचा. मधल्या बैठकीला ट्रकची ताडपत्री ताणली. शिडाची शिवण हातानं घातली. कॅम्पातले कोपर मारणारे आधी बघायला आले, मग काठी उभी करायला आले. ती उभी राहिली तेव्हा एकालाही विनोद सुचला नाही.

नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार. सुजीतसाहेब बायको साधनावहिनी आणि सात वर्षांच्या ईशानीला घेऊन किनाऱ्यावर आले, चहा-थालीपीठ असा सरंजाम घेऊन. होडी वाळूवरून ओढत नेली आणि पाण्यात घालताना कळलं, एका होडीच्या मागच्या भोकातली लाकडी खुंटी वाटेत कुठेतरी पडली. त्या भोकातून आत साचलेलं पाणी काढायचं असतं. उघडं राहिलं तर तिथूनच आत येतं. सगळे वाळू चाळायला लागले. दुपारचा वारा आला होता, तासाभरात पडला असता. धनंजयची नजर वहिनींच्या थर्मासवर गेली. त्याला बूच होतं, जाडजूड.

"वहिनी, जरा देता?"

"अहो, चहा गार होईल!"

"परत देतो. लगेच."

महादूने ते चाकूने जरा तासलं आणि ठोकून बसवलं. "यल्ला, चल," तो म्हणाला, आणि धनंजयला दंडाला धरून ताडपत्रीवर बसवलं.

आधी काहीच झालं नाही. मग महादूने शिडाची दोरी ओढली, आणि तारा एकदम गुणगुणल्या. होडी पळायला लागली, आवाज न करता; इंजिन नाही, डिझेलचा वास नाही, फक्त पाणी फाटल्याचा सर्र आवाज. किनाऱ्यावरची माणसं मुठीएवढी झाली. मग धनंजय बसला होता ती बाजू हळूहळू पाण्यातून वर उठली. हात, दोन हात. त्याने खाली पाहिलं तर होडी हवेत, आणि खाली तिची सावली धावत होती.

"काका, उलटतेय!"

"उलटत नाय. आता तूच उलांडी. भायर वाक!"

तो वाकला. पाठ लाटांवर, तोंड आकाशाकडे, मुठीत एक दोरी. होडी तेवढ्याच उंचीवर स्थिर झाली, बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही. त्याने भीत भीत मान वळवली. महादूचा हात सुकाणूवर होता, दोन बोटांनी धरल्यासारखा, जणू झोपलेल्या पोराचा हात धरलाय. डोळे शिडाच्या टोकावर. हसत नव्हता. तोंड जरा उघडं होतं.

"माका म्हायत नव्हतां," तो म्हणाला, "इतकां हलकां असता."

 धनंजयला बोलायची लाज वाटली, देवळाच्या गाभाऱ्यात वाटते तशी.

परत आले तेव्हा ईशानी पाण्यात घोट्यापर्यंत उड्या मारत होती. "अंकल, इट वॉज फ्लाइंग! आय सॉ!" सुजीतसाहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथल्या तिथे लिहून दिलं: होडी भंगारात जाणार नाही. दोन डिसेंबरला महादू पत्र्याची एक पेटी आणि खांद्यावर गुंडाळलेल्या मापाच्या त्या तीन दोऱ्या घेऊन विमानात बसला. दोऱ्या कशाला, हे धनंजयने विचारलं नाही.

होडी अजून क्लबवर आहे. तिला कोणत्याही बनावटीचं नाव मिळालेलं नाही, कॅम्पवाले महादूचीच म्हणतात. थर्मासचं बूच मात्र पाण्याने फुगून भोकात असं बसलंय की पकडीनेही निघत नाही. साधनावहिनी भेटल्या की विचारतात, "धनंजय, माझं बूच?" आणि धनंजय म्हणतो, "वहिनी, या आठवड्यात नक्की. इन्शाल्ला."